वाटेत कोण थांबले?
(एकट्या दुचाकीस्वाराच्या प्रवासवर्णनाचा विचार)

मराठी प्रवासवर्णनाच्या दालनात गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. खाली मोटारसायकल, पाठीवर पिशवी, समोर घाटाची नागमोडी वाट आणि सोबतीला कोणीही नाही, अशा एकट्याने केलेल्या सफरींची वर्णने आता दिवाळी अंकांत आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत वरचेवर येतात. आपल्या धर्मग्रामांतील युवक मंडळांच्या स्मरणिकांतही ती दिसू लागली आहेत. हौशी लेखन म्हणून आपले समीक्षक त्यांच्याकडे फारसे वळत नाहीत. तथापि जे लेखन तरुण मुले आवडीने वाचतात, आणि जे वाचून ती घराबाहेर पडतात, त्याची पारख होणे आवश्यक आहे. कवितेच्या पारखीपेक्षाही ती अधिक निकडीची आहे. कारण कविता वाचून कोणी माळशेजच्या वळणावर वेग वाढवीत नाही.

प्रस्तुत लेखात कोणा एका लेखकाचा समाचार घ्यावयाचा नाही. या प्रकाराचे स्वरूप, त्याचे पूर्वज आणि त्याची कसोटी यांचा विचार करावयाचा आहे. ‘घाट’ हा शब्द मराठीत डोंगरातल्या वाटेला वापरतात, आणि वाङ्मयकृतीच्या घडणीलाही समीक्षक घाटच म्हणतात. या लेखनात दोन्ही घाट एकत्र येतात. पहिला घाट आमचे दुचाकीस्वार कुशलतेने पार करतात. दुसऱ्यात मात्र पुष्कळांची गाडी अडते.

ठरीव साचा

उदाहरणादाखल एक वाट घेऊ. कल्याणहून मुरबाड, टोकावडे मागे टाकून माळशेज घाट चढायचा. ओतूर, आळेफाटा, टाकळी ढोकेश्वर करीत अहिल्यानगर, म्हणजे आपल्या बोलण्यातले नगर, गाठायचे. तेथून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने जेऊर सोडले की इमामपूरचा घाट लागतो. तो उतरला की पांढरी पूल, मग घोडेगाव, आणि घोडेगावाहून डावीकडे वळले की पाचएक किलोमीटरवर शनिशिंगणापूर. वाट सुरेख आहे. पावसाळ्यात माळशेजचे कडे धुक्यात बुडालेले असतात आणि धबधब्यांचे पाणी रस्त्यावर उडते. घाटमाथ्यावर आले की हवा बदलते, आणि पुढे नगरकडे जाताना हिरवा रंग हळूहळू ओसरून कोरडवाहू मुलूख सुरू होतो. कोकणातून दख्खनच्या पठारावर येणे म्हणजे काय, हे मोटारीच्या काचेआड कळत नाही. दुचाकीवर ते अंगाला कळते. या लेखनप्रकाराचे खरे सामर्थ्य येथे आहे. वारा, ऊन, डिझेलचा वास, वळणावरचा खडीचा पट्टा यांची अशी प्रत्यक्ष जाणीव बैठ्या प्रवाशाला क्वचितच होते, आणि चांगल्या लेखकांनी ती उत्तम रीतीने शब्दांत आणली आहे.

अडचण येते ती पुढे. पहाटे निघणे, पहिला चहा, घाटातले धुके, यंत्राचे गुणगान, एखादी पंक्चर, मुक्कामी पोचणे आणि शेवटी किलोमीटरांचा हिशेब, या क्रमाने वर्णन चालते. बहुतेक वाक्यांचा कर्ता ‘मी’ असतो. वाटेतली माणसे येतात ती चहा देण्यापुरती किंवा रस्ता दाखवण्यापुरती. त्यांना नाव नसते, घर नसते, दुःख नसते. शिंगणापुरात पोचल्यावर घरांना दारे नाहीत याचे आश्चर्य व्यक्त होते, एक छायाचित्र निघते आणि गाडी परतीला लागते. जेथे लेखनाला खरा आरंभ व्हावा, तेथे ते संपते.

तीन परदेशी स्वार

या प्रकाराचे पूर्वज परदेशी आहेत. त्यांतले तिघे पाहण्यासारखे आहेत. कारण आमच्या लेखकांनी त्यांच्यापासून जे घेतले त्याहून अधिक महत्त्वाचे जे होते, ते घ्यायचे राहिले.

पहिला टी. ई. लॉरेन्स. अरबस्तानातल्या पराक्रमाने जगप्रसिद्ध झालेला हा माणूस १९२२ साली नाव बदलून ब्रिटिश हवाईदलात साधा सैनिक म्हणून भरती झाला. त्या बराकीतल्या जीवनावर त्याने ‘द मिंट’ हे पुस्तक लिहिले; ते त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९५५ मध्ये, सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. त्यातले ‘द रोड’ हे प्रकरण म्हणजे वेगाच्या धुंदीचे बहुधा सर्वांत नावाजलेले वर्णन होय. लॉरेन्स आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून विमानाशी शर्यत लावतो. त्याच्या अनुकरणाने लिहिणाऱ्यांना एवढेच आठवते. पण त्या फेरीतून तो परततो तो बराकीतल्या सोबत्यांसाठी खाण्याचे जिन्नस घेऊन. वेगाचा तो भक्त रिकाम्या हाताने येत नाही, आणि एकट्याची फेरी अनेकांच्या ताटाशी येऊन थांबते.

लॉरेन्सने आपल्या गाडीला नाव दिले होते ‘बोआनेर्गेस’. मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू येशूने याकोब आणि योहान या भावांना दिलेले हे नाव. अर्थ, गर्जनेचे पुत्र. आपल्याकडे आवाजावरूनच मोटारसायकलला ‘फटफटी’ म्हणू लागले, तेव्हा या नावाची गंमत कोणालाही कळेल. परंतु लूकच्या नवव्या अध्यायात हेच गर्जनेचे पुत्र काय करतात ते आठवावे. एक शोमरोनी गाव प्रभूला थारा देत नाही, म्हणून आकाशातून अग्नी पाडून ते गाव जाळावे काय, असे ते विचारतात. प्रभू त्यांना दटावतो. आणि पुढच्याच अध्यायात तो त्या शोमरोन्यांपैकीच एकाला आपल्या सर्वांत प्रसिद्ध दाखल्याचा नायक करतो. त्या दाखल्याकडे आपल्याला पुढे वळायचे आहे.

लॉरेन्सचा अंत १९३५ च्या मे महिन्यात झाला. इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो गाडीवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी मरण पावला. वय ४६. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. या मृत्यूने व्यथित होऊन त्यांनी दुचाकीस्वारांच्या डोक्याला होणाऱ्या इजांचा अभ्यास केला. १९४१ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश सैन्यातल्या दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. आज आपल्या मुलांच्या डोक्यावर जे हेल्मेट असते, किंवा हँडलला लटकत असते, त्याच्या इतिहासात त्या एका स्वाराचा मृत्यू आहे.

दुसरा चे गव्हेरा. त्याने पुढे स्वीकारलेला शस्त्राचा मार्ग आपल्याला मान्य होणारा नाही. पण येथे विचार त्याच्या प्रवासाच्या रोजनिशीचा आहे. १९५० साली वैद्यकाचा विद्यार्थी असताना त्याने लहान इंजिन बसवलेल्या सायकलवरून एकट्याने उत्तर अर्जेंटिनात सुमारे ४,५०० किलोमीटर प्रवास केला. पुढे १९५१-५२ मध्ये आल्बेर्तो ग्रानादो या मित्राबरोबर तो ५०० सीसीच्या जुन्या नॉर्टन मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिका पाहायला निघाला. गाडीचे नाव ‘ला पोदेरोसा’, म्हणजे सामर्थ्यवती. ही सामर्थ्यवती चिलीत कायमची बंद पडली, आणि वाङ्मयदृष्ट्या पुस्तक तेथून उंची गाठू लागते. गाडी होती तोवर दोन खोडकर तरुणांच्या फजितीच्या कथा होत्या. गाडी गेल्यावर ते पायी आणि ट्रकवाल्यांच्या मेहेरबानीने पुढे जातात. चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीच्या वाटेवर, वाळवंटातल्या थंड रात्री त्यांना कामासाठी भटकणारे एक मजूर जोडपे भेटते. त्या दोघांजवळ पांघरायला काही नाही. हे आपल्यातले एक पांघरूण त्यांना देतात. पुढे पेरूमधल्या सान पाब्लो येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत दोघे राहतात. ज्या पुस्तकाला मोटारसायकलचे नाव चिकटले, त्याचा गाभा मोटारसायकल मोडल्यावरचा आहे. आमच्या तरुण लेखकांनी यावर थोडा विचार करावा.

तिसरा टेड सायमन. १९७३ च्या ऑक्टोबरात तो लंडनहून ५०० सीसीच्या ट्रायम्फवर निघाला आणि चार वर्षे एकटा जगभर फिरला. ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ हे त्याचे पुस्तक १९७९ मध्ये आले. नावातला हा ज्युपिटर म्हणजे आपला गुरू ग्रह त्याला भारतातच भेटला. येथील एका भविष्य सांगणाऱ्याने त्याला ‘तू गुरू आहेस’ असे सांगितले होते. या पुस्तकाचे वैशिष्ट्य असे की, गाडी बिघडणे, अडकून पडणे, ब्राझीलमध्ये संशयावरून पोलिसांच्या कोठडीत बसणे, असे जे जे प्रवासात अडथळा म्हणून येते, त्यालाच लेखक प्रवास मानतो. बिघाड झाला की माणसे भेटतात. गाडी सुरळीत चालत असताना दिसतो तो केवळ रस्ता.

तिन्ही पुस्तकांचा निष्कर्ष एकच निघतो. स्वार जेथे थांबतो, तेथे पुस्तक चालू लागते.

आपली पायवाट

हे शिकायला परदेशी पुस्तकांकडेच गेले पाहिजे असे मात्र नाही. आपल्या प्रवासवर्णनाचा आरंभच या जाणिवेने झाला आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत चुलत्याबरोबर उत्तर हिंदुस्थानात पायी गेले. त्यांनी १८८३ साली लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून निघालेला हा भिक्षुक वाटेत लुटला जातो, आणि घरी येतो तो आईवडिलांसाठी खांद्यावरून वाहून आणलेले गंगेचे पाणी घेऊन. पुस्तकाच्या नावात ‘माझा’ आहे; पण आत झाशीची राणी आहे, शिपाई आहेत, भयभीत नगरवासी आहेत, आणि लेखक बहुधा कोपऱ्यात उभा आहे.

पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवर लिहिलेल्या, १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ असे आहे. क्रम पाहावा. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. ज्या काळात विधवेने उंबरठा ओलांडणेही कठीण होते, त्या काळात समुद्र ओलांडून गेलेल्या बाईला स्वतःच्या धाडसाचे कौतुक सांगण्याचा पूर्ण अधिकार होता. तिने तो बाजूला ठेवला आणि तेथल्या स्त्रियांची, शाळांची, संस्थांची हकीकत आधी सांगितली.

गो. नी. दांडेकरांच्या नर्मदा परिक्रमेच्या अनुभवातून आलेल्या पुस्तकाचे नाव तर ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ असेच आहे. एकट्याची यात्रा, आणि त्या एकट्याला नावही नाही! परिक्रमेचा नियमच असा की नदी उजव्या हाताला ठेवायची, ती ओलांडायची नाही, आणि वाटेतल्या लोकांनी दिलेल्या अन्नावर राहायचे. म्हणजे परिक्रमा करणारा एकटा असला, तरी दर संध्याकाळी कोणाच्या तरी दाराशी उभा असतो. आजच्या दुचाकीस्वाराजवळ पैसे असतात, भ्रमणध्वनी असतो, मुक्कामाची खोली आधीच ठरलेली असते. त्याला कोणाच्या दाराशी जावे लागत नाही. या सोयींना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्यांमुळे जे हातचे जाते ते लेखकाने ओळखून प्रयत्नाने परत मिळवले पाहिजे. नाहीतर वर्णनात डोंगर उरतात आणि माणसे गळतात.

चार एकटे प्रवासी

आता त्या दाखल्याकडे वळू. घाटातल्या एकट्या प्रवाशाची जगातली सर्वांत प्रसिद्ध कथा लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. आपण ती इतक्या वेळा ऐकली आहे की ती घाटाची कथा आहे हेच आपल्या लक्षात राहत नाही. येरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. पंचवीस-सत्तावीस किलोमीटरांत हजार मीटरांचा उतार! म्हणजे माळशेजपेक्षाही मोठा उतार, उजाड डोंगरांतून, वळणावळणांचा. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६८ च्या एप्रिलमध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी मेम्फिस येथे केलेल्या भाषणात, आपण पत्नीसह त्या रस्त्याने भाड्याच्या मोटारीतून गेलो होतो आणि ती वळणे पाहून दाखल्यात हाच रस्ता का घेतला हे कळले, असे सांगितले होते. थांबलो तर माझे काय होईल, ही याजकाची आणि लेव्याची चिंता. मी थांबलो नाही तर त्याचे काय होईल, ही शोमरोन्याची चिंता, असा भेद त्यांनी तेथे केला.

वाङ्मयाच्या दृष्टीने या दाखल्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्या घाटात एकटे प्रवासी एक नव्हे, चार आहेत. लुटला गेलेला माणूस एकटा, याजक एकटा, लेवी एकटा आणि शोमरोनीही एकटाच. एकटेपणा चौघांचा सारखा आहे. फरक आहे तो फक्त थांबण्यात. जखमी माणसाचे नाव, धंदा, प्रवासाचे कारण काहीही सांगितलेले नाही. तो एक शब्दही बोलत नाही. याजक व लेवी यांना प्रत्येकी एका वाक्यात निकालात काढले आहे. आणि शोमरोनी आला की मात्र निवेदनाची गती मंदावते. त्याने काय पाहिले, जखमांवर काय ओतले, कशा बांधल्या, माणसाला कशावर बसवले, कोठे नेले, किती नाणी दिली आणि निघताना काय सांगितले, हे एकेक करून येते. कथा जेथे रेंगाळते तेथे तिचे हृदय असते. आणखी एक गोष्ट: शोमरोनी जखमी माणसाला आपल्या स्वतःच्या जनावरावर बसवतो, तेव्हा उरलेला घाट तो बहुधा पायीच चालला असेल. आपले वाहन दुसऱ्याला देऊन चालणारा प्रवासी, ही त्या कथेतली प्रतिमा आहे. त्या चौघांतला एक याजक आहे, हे आम्हा धर्मगुरूंनी विसरू नये.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतले सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. वळणावर पडलेल्याला पाहून गाड्या पुढे जातात, हे आपण सर्व जाणतो. त्यामागे नेहमी निर्दयता नसते. पोलीस चौकशीचे आणि कोर्टाच्या खेट्यांचे भय असते. ते दूर व्हावे म्हणून सरकारने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना बंधनकारक केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम घालण्यात आले. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. या तरतुदीत मदत करणाऱ्याला जे नाव दिले आहे ते ‘गुड समॅरिटन’, म्हणजे चांगला शोमरोनी. यरीहोच्या घाटातला तो परका अशा रीतीने आपल्या देशाच्या कायद्यात आला. पण किती दुचाकीस्वारांच्या लेखांत या कायद्याचा उल्लेख असतो? घाटात गेलेल्या तरुण मुलाच्या शवपेटीपुढे ज्याला मिस्सा अर्पण करावी लागते, त्याला हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

दार नसलेल्या गावात

ही कसोटी हाती घेऊन पुन्हा शिंगणापुराकडे जाऊ. नेवासे तालुक्यातल्या या गावात सुमारे साडेपाच फूट उंचीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. तिला देऊळ नाही, छप्पर नाही. घरांना चौकटी आहेत, दारे नाहीत. चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतो, ही श्रद्धा त्यामागे आहे. कुत्री आत शिरू नयेत म्हणून फार तर एखादी फळी टेकवतात किंवा पडदा लावतात. २०११ मध्ये युको बँकेने येथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा देशभर चर्चा झाली. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे आले. चौथऱ्यावर स्त्रियांनी जाऊ नये ही जुनी रूढी आंदोलनानंतर आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, संपली.

आता पाहा, या चार-पाच गोष्टींत किती प्रश्न दडलेले आहेत! दार नसणे हा शेजाऱ्यावरचा विश्वास आहे की देवाचे भय? भयाने राखलेले घर आणि विश्वासाने राखलेले घर, यांत राहणाऱ्याला काही फरक जाणवतो काय? ज्या गावात घराला दार नव्हते, त्या गावात चौथऱ्याची वाट बाईला बंद होती, हे तेथील सासू-सुनांना कसे वाटत होते? कुलूप न लावणाऱ्या गावाला पोलीस ठाणे आल्याचे काय वाटले? यांची उत्तरे छायाचित्रात मिळत नाहीत. गाडी उभी करून, हेल्मेट काढून, एखाद्या आजीच्या ओट्यावर तासभर बसले तर मिळतील. कॅथलिक प्रवाशाने तर हे विशेष आदराने करावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा अव्हेर करू नये असे शिकवले आहे. इतरांची श्रद्धा म्हणजे परतीच्या वाटेवर सांगायची गंमत नव्हे.

याच नेवासे तालुक्यात, प्रवरेकाठी, पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली, असे परंपरा मानते. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० ची ही गोष्ट. मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथ या परिसरात एका जागी बसून झाला, आणि आमची प्रवासवर्णने ताशी ऐंशीच्या वेगाने त्यावरून निघून जातात. ज्ञानेश्वरांची आठवण दाराच्या संदर्भातही यावी. लोकांच्या बोलण्याने दुखावून ते झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने ती उघडावी म्हणून विनवणी केली. ‘ताटीचे अभंग’ ते हेच. घराला दार नसले तरी माणसाच्या मनाला ताटी असतेच. हेल्मेटच्या काचेआडही ती लागलेली असू शकते. ती कोणाच्या तरी हाकेने उघडावी लागते, आणि ती हाक ऐकू येण्यापुरते इंजिन बंद करावे लागते.

काही आक्षेप

यावर असे म्हटले जाईल की, एकट्याचा प्रवास माणसे भेटण्यासाठी नसतोच. तो एकांतासाठी असतो. गर्दीने आणि कामाने पिचलेल्या तरुणाला घाटातले दोन तास शांतता देतात, ती त्याच्याकडून का हिरावून घ्यावी? हा आक्षेप वजनदार आहे. एकांताचे मोल ख्रिस्तसभेने नेहमीच जाणले आहे. संदेष्टा एलिया एकटाच होरेब पर्वतावर गेला. स्वतः प्रभू प्रार्थनेसाठी डोंगरावर एकटा जात असे. पण एलियाला तेथून परत पाठवले गेले, कामे सोपवून. आणि प्रभू डोंगर उतरला की पायथ्याशी लोक वाट पाहत असत. ज्या एकांतातून माणूस इतरांकडे अधिक मोकळा होऊन परततो, तो एकांत फळाला आला असे समजावे. असे परतणे वर्णनात दिसले, तर त्यात एकही दुसरे पात्र नसले तरी ते वर्णन श्रेष्ठ ठरेल.

दुसरा आक्षेप असा की, तरुणांच्या निरागस आनंदावर धर्मगुरूने नीतीचे ओझे का ठेवावे? वळण नीट घेतल्याचा आनंद हा आनंदच आहे. त्याला पापाचा वास नाही. ख्रिस्तसभेलाही रस्त्याचे वावडे नाही. प्रवाशांच्या पालनकार्याचा विचार करणाऱ्या व्हॅटिकनच्या परिषदेने जून २००७ मध्ये रस्त्यावरील पालनकार्याविषयी सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञाही आहेत. आपल्या चर्चच्या आवारात नव्या गाड्यांना आशीर्वाद देताना आम्ही तो आनंद पाहतोच. येथे मागणी लेखकाकडे आहे, आणि ती वाङ्मयीन आहे. आनंद दुसऱ्यापर्यंत पोचवायचा असेल तर वर्णनात दुसऱ्याला जागा हवी. ‘मी किती दूर गेलो’ याला वाचक एकदा मान डोलावतो. ‘मला कोण भेटले’ हे तो घरी जाऊन सांगतो.

नगर जिल्ह्यातल्या केंदळ येथे १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ सुरू केला. त्या नावात प्रवासाची एक जुनी कल्पना आहे. निरोप्याही बहुधा एकटाच जातो, घाट चढतो आणि उतरतो. पण तो कोणाचे तरी शब्द घेऊन निघालेला असतो आणि कोणीतरी त्याची वाट पाहत असते. आजही सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेसाठी लोक पायी निघतात, आणि त्यांच्या झोळीत घरच्यांची, शेजाऱ्यांची मागणी असते. आपल्या तरुण दुचाकीस्वारांनी ही कल्पना घ्यावी. निघताना कोणाचा तरी निरोप न्यावा आणि येताना एखाद्या माणसाची हकीकत, त्याच्या संमतीने, जपून आणावी. पेट्रोल किती लागले हे शेवटच्या ओळीत लिहावे, किंवा लिहूच नये. घाटात कोणी पडलेला दिसला आणि त्यासाठी थांबावे लागले, म्हणून शिंगणापूर गाठायचे राहून गेले, तर तेच लिहावे. पोचण्याच्या वर्णनांची आपल्याकडे उणीव नाही. वाटेत थांबल्यामुळे पोचणे राहून गेल्याचे एखादे वर्णन या त्रैमासिकाकडे आले, तर संपादकांनी त्याला अंकात पहिली जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे.